कर्ज फेडून जुगार सुटत नाही

मा. संपादक,

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच रमी, पोकर, फँटसी क्रिकेट यांतले पैशांचे व्यवहार थांबवले. महसूल किती बुडणार, नोकऱ्या किती जाणार, कोर्टात काय टिकणार यावर भरपूर छापून आले. ज्या घरात जुगार आधीच शिरला आहे त्या घराने उद्या सकाळी उठून काय करायचे, हे मात्र फारसे कुणी लिहिले नाही. व्यसनमुक्तीच्या कामात रोज समोर येणारा प्रश्न तोच असतो, म्हणून हे पत्र. लांबले आहे. कात्री लावायची असेल तर सुरुवातीला लावा, कर्जाचा भाग ठेवा.

बंदीने दुकान बंद झाले, गिऱ्हाईक बरे झाले नाही. परदेशी सट्ट्याच्या साइटची ‘आयडी’, म्हणजे खेळायचे खाते, व्हॉट्सॲपवरून मिळते. पैसे भरायचे खाते सतत बदलत असते, कारण ते कुणा गरजूकडून भाड्याने घेतलेले असते. कर्जात बुडालेल्यालाच पुढे ‘तुझे खाते वापरायला दे, हप्त्याचे आम्ही बघतो’ असे गाजर दाखवले जाते. मग सायबर पोलिसांनी खाते गोठवले की पगारही त्यातच अडकतो. मटका तर कधी थांबलाच नव्हता. शिकलेली मंडळी ‘ट्रेडिंग करतो’ म्हणत ऑप्शन्सकडे, म्हणजे शेअर बाजारातल्या वायद्याच्या सौद्यांकडे वळतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे बाजारातल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला आणि तो मिळून १.८ लाख कोटींच्या वर गेला. रमी सोडलेला माणूस एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्यांची मुदत संपायच्या दिवशी मोबाइलमध्ये डोके घालून बसला असेल, तर घरच्यांनी ‘निदान हे कायदेशीर आहे’ असे समाधान करून घेऊ नये.

आता मुख्य चूक. गुपित फुटते, रडारड होते आणि मोठा भाऊ किंवा सासरे म्हणतात, ‘एकदाच सगळे मिटवून टाकू.’ प्लॉट विकला जातो, पाटल्या मोडल्या जातात, पतपेढीतून कर्ज काढले जाते. सहा-आठ महिन्यांत पुन्हा तेच. याची कारणे अगदी व्यवहारातली आहेत. पहिल्यांदा सांगितलेला आकडा जवळजवळ कधीच पूर्ण नसतो. दोन-तीन देणी लाजेने किंवा भीतीने दडवलेली असतात, आणि ती भागवायला तो पुन्हा खेळतो. क्रेडिट कार्ड फेडले की तेवढी मर्यादा पुन्हा खुली होते. कर्जाची ॲप तर फेडलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी दुप्पट रकमेची ऑफर पाठवतात. आणि हरल्याची झळ दुसऱ्याने सोसली की खेळणाऱ्याच्या डोक्यात उरते ती फक्त जिंकल्याची आठवण. ‘गेलेले काढतो आणि सोडतो’ हे वाक्य प्रत्येक जुगाऱ्याच्या तोंडी असते. गेलेले निघत नाही, याला साधा हिशेब आहे. मटक्यात एकेरी आकड्याला रुपयाला ९ मिळतात, आकडे मात्र १० असतात. दोन आकड्यांच्या जोडीला ९० मिळतात, जोड्या १००. म्हणजे दर फेरीला शंभरातले सरासरी १० बुकीकडे राहतात. हातात आलेले सगळे पुन्हा लावत गेले तर २० फेऱ्यांनंतर १०० रुपयांचे सरासरी १२ उरतात. जिंकणारा उठून जात नाही, तोही लावतच राहतो. धंदा त्यावरच चालतो.

कर्ज फेडू नका असे म्हणणे नाही. कुणी, कधी आणि कोणत्या क्रमाने फेडायचे, हा प्रश्न आहे. पण त्याआधीची एक गोष्ट त्याहून निकडीची.

गुपित फुटते ती रात्र सगळ्यात धोक्याची. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस त्याला एकटे सोडू नये. घरात फवारणीची औषधे, झोपेच्या गोळ्या असतील तर कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवाव्यात. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. उत्तर ‘हो’ आले तर सकाळची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. ‘पोलीस केस होईल’ म्हणून घरचे कचरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि सर्वसाधारणपणे तिच्यावर खटला भरला जात नाही. हिशेब मागायचा, आवाज चढवायचा, तो आठवडाभराने.

मग देणी शोधायची, आणि तोंडी आकड्यावर विसंबायचे नाही. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्था वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल मोफत देतात. चारही काढावेत, कारण एखादे ॲपचे कर्ज एकात दिसते आणि दुसऱ्यात नसते. सोनेतारण, कार्ड, ‘आता घ्या, नंतर द्या’वाली उधारी त्यात सापडते. खासगी सावकार, मित्र, भिशी आणि बहुधा गावची पतसंस्था सापडत नाही. ती नावे माणसालाच आठवून लिहावी लागतात. आणखी एक कागद सहसा कुणी बघत नाही: आयकर खात्याच्या संकेतस्थळावरचे वार्षिक माहिती विवरण. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर कलम १९४बीए खाली ३० टक्के कर कापला जात होता. ती ओळ विवरणात दिसली की कोणत्या कंपनीकडे, कोणत्या वर्षी खेळ झाला ते कळते. हे सगळे त्याच्याच लॉगिनने, त्याच्या शेजारी बसून करायचे. चोरून मोबाइल तपासल्याने दुसरा मोबाइल घेतला जातो, एवढेच.

पैशाच्या वाटा बंद करणे हे पहिल्या सहा महिन्यांचे खरे औषध. जॉइंट खाते इथे कामाचे नाही, कारण ‘दोघांपैकी कोणीही’ या सोयीने तो ते एका रात्रीत रिकामे करू शकतो. पगाराचे खाते त्याच्याच नावावर राहणार. म्हणून पगाराच्या तारखेला जवळजवळ सगळी रक्कम पत्नीच्या किंवा आईच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात आपोआप जाईल, अशी सूचना बँकेला द्यावी. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमीत कमी करावी, ऑटोपेचे जुने मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या, एकेक करून रद्द करावेत. इथे एक फट राहते. डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी एवढ्यावर यूपीआयचा पिन नव्याने घालता येतो, आधारवरूनही येतो. म्हणून कार्ड घरच्यांकडे आणि बँकेशी जोडलेले सिम घरातल्या साध्या बटणांच्या फोनमध्ये, ही जोडी हवी. एकावाचून दुसऱ्याचा उपयोग नाही. भविष्यनिर्वाह निधीची आगाऊ रक्कम आणि विमा पॉलिसीवरचे कर्जही आता घरबसल्या निघते. त्यांचे ओटीपी त्याच सिमवर येतील असे पाहावे. सोने लॉकरमध्ये, आणि लॉकर त्याच्या नावावर नको. त्याच्या मोबाइलवर बेटब्लॉकर हे मोफत ॲप टाकता येते; जुगाराच्या साइट ते ठरवलेल्या मुदतीसाठी रोखते. व्हॉट्सॲपवरचा एजंट मात्र ते रोखू शकत नाही. तो नंबर ब्लॉक करायचा आणि टिप्स देणाऱ्या टेलिग्राम चॅनलांतून बाहेर पडायचे, हे हातानेच करावे लागते.

हे सारे त्याच्या संमतीने आणि कागदावर लिहून. कोणत्या वाटा बंद, किती महिन्यांसाठी, रोज हातखर्चाला किती (प्रवास धरून १००-१५० रुपये पुरतात), पावत्या कुठे ठेवायच्या, फेरविचार कोणत्या तारखेला. मुदत लिहिली नाही तर त्याला ती जन्मठेप वाटते, आणि मग पळवाट शोधण्यातच त्याची सगळी हुशारी खर्च होते. पत्नीलाही रोज खिसे तपासायची पाळी येऊ नये. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी वीस मिनिटे, दोघांनी स्टेटमेंट पाहायचे. बाकी सहा दिवस त्या विषयाला घरात बंदी.

आता परतफेड. समजा पगार ३०,००० आणि सगळी देणी मिळून ५,४०,००० आहेत. भाडे, किराणा, वीज, मुलांची फी, औषधे यांना २१,००० बाजूला काढले तर देण्यांसाठी ९,००० उरतात. व्याज सोडले तरी ६० महिने. हा आकडा ऐकून घरचे हबकतात आणि पुन्हा प्लॉटकडे वळतात. वळू नये. पाच वर्षे दरमहा स्वतःच्या कमाईतून पैसे जाणे हा उपचाराचाच भाग आहे. क्रम असा: घराचे आणि तारणाचे हप्ते आधी, मग बँका आणि कार्ड, मग नातेवाईक, मित्र, भिशी. बँकेला आपणहून लेखी कळवून हप्ता लांबवून मागावा. तीन हप्ते थकल्यानंतर गेलात तर तीच विनंती अवघड होते. वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आहे. तक्रार बँकेने ऐकली नाही तर पुढे रिझर्व्ह बँकेचा तक्रार क्रमांक १४४४८. पत्नीने जामीनदार म्हणून सही केली नसेल तर नवऱ्याचे वैयक्तिक कर्ज तिच्या डोक्यावर येत नाही. या गडबडीत ‘इथे फक्त सही करा’ म्हणणारे येतात, ती सही करू नये.

बुकीचे देणे सगळ्यात शेवटी, किंबहुना यादीबाहेर. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक आहे, त्याची कोर्टातून वसुली होत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा एक कायदा आहे; त्याने पैजेला पूरक म्हणून केलेले करारही निरर्थक ठरवले. बुकीने सही केलेला कोरा चेक घेऊन ठेवला असेल तर मात्र गाफील राहू नये. चेक वटला नाही म्हणून चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची नोटीस आली की पैसे भरायला १५ दिवसांची मुदत असते. देणे कायदेशीर नव्हते हा बचाव खरा, पण तो वकिलामार्फत आणि वेळेत मांडावा लागतो; नोटीस फडताळात टाकून चालत नाही. विनापरवाना सावकार असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. धमकी आली तर पोलीस ठाणे. बुकीकडून पैसे घेतले म्हणून आपणच अडकू, या भीतीने लोक जात नाहीत. नव्या केंद्रीय कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. अड्ड्यावर बसून खेळणाऱ्याला मात्र १८८७ चा राज्याचा जुगारबंदी कायदा लागतो.

उपचाराबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या शेजारीच, व्यसन म्हणून नोंदला आहे. तेव्हा हा ‘वाया गेलेल्या पोराचा’ नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाचा विषय आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. विचारपद्धतीवर काम करणारे समुपदेशन, साधारण ८ ते १२ बैठका, सर्वात उपयोगी पडते. खास जुगारासाठी मान्य झालेली गोळी नाही; नैराश्य किंवा दारू सोबत असेल तर त्याचे औषध लागते, आणि काही जणांना डॉक्टर नालट्रेक्सोन देतात. एक गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगावी. साठीनंतर अचानक कुणी लॉटरी, मटका खेळू लागले असेल आणि पार्किन्सनसाठी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू असेल, तर दोष औषधाचा असू शकतो. अरिपिप्राझोलबाबतही असा इशारा आहे. डोस बदलल्यावर ही ओढ ओसरू शकते, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

पहिले काही आठवडे चिडचिड होते, झोप लागत नाही, हात मोबाइलकडे जातो. ओढ उठते, चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ घराबाहेर, मोबाइलशिवाय चालायला जावे. धोक्याच्या वेळा आधीच कॅलेंडरवर खुणावून ठेवता येतात: पगाराची तारीख, आयपीएलचा साडेसातचा सामना, गोकुळाष्टमी आणि गणपतीच्या मंडपातले जागरणाचे पत्ते, दिवाळीतली तीन पत्ती. ‘देवाच्या नावाने दहा-वीस रुपयांचा खेळ’ हा इतरांसाठी खेळ असेल, याच्यासाठी नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्याला आग्रह करू नये. आणि घसरणे होतेच. आधीच ठरवून ठेवावे की खेळलो तर चोवीस तासांच्या आत एका ठरलेल्या माणसाला रक्कम सांगायची, आणि त्या माणसाने ओरडायचे नाही. ५०० रुपयांची घसरण त्याच दिवशी कळली तर ५०० वर थांबते. लपवली तर ‘तेवढे काढून टाकतो’ सुरू होते.

दोन मागण्या. आत्महत्येची बातमी छापताना कर्जाचा आकडा मथळ्यात देऊ नये, पद्धतीचे वर्णन टाळावे आणि खाली १४४१६ हा क्रमांक छापावा. दोन ओळींची जागा लागते. दुसरी मागणी सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. व्यसनमुक्ती केंद्रांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या केसपेपरवर तंबाखू, दारू, गांजा यांच्या जोडीला जुगाराचाही रकाना असावा, आणि मानसोपचाराची ओपीडी आठवड्यातून निदान एक दिवस संध्याकाळी चालावी. कारखान्यात किंवा दुकानात काम करणारा, आधीच कर्जात असलेला माणूस दिवसाचा पगार बुडवून सकाळी दहाच्या रांगेत उभा राहत नाही.

– एक व्यसनमुक्ती समुपदेशक, सातारा