धसक्याचाही पंचनामा व्हावा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतर सीना आणि मांजरा काठच्या गावांतील खरडून गेलेली जमीन, वाहून गेलेली जनावरे आणि रखडलेले पंचनामे यांविषयी आपल्या दैनिकात सातत्याने लिहून आले. ते आवश्यकच होते. मात्र ज्या माणसाने अंधारात घरात पाणी चढताना पाहिले, त्याला दोन महिन्यांनी झोप लागते का, हे विचारायला कोणी गेल्याचे माझ्या वाचनात आले नाही. मी लोहारा तालुक्यातील, म्हणजे 1993 च्या भूकंपपट्ट्यातील, रहिवासी असल्यामुळे ही उणीव मला अधिक बोचली.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव नुकतेच झोपलेले असताना, माझ्या चुलतीचे घर बसले. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे माळवद. त्याखालून ती निघाली, तिची सहा वर्षांची मुलगी निघाली नाही. पुढे नव्या गावठाणात स्लॅबचे घर मिळाले, भूकंपग्रस्ताचे प्रमाणपत्र मिळाले, त्यावर थोरल्या मुलाला नोकरीही लागली. चुलती मात्र त्या घरात एकही रात्र झोपली नाही. घराला लागून पत्र्याचे शेड घातले होते, तिथे दाराला कडी न लावता, उशाशी चप्पल आणि बॅटरी ठेवून ती पडत असे. रस्त्याने उसाची ट्रॉली गेली आणि मांडणीवरची भांडी वाजली, की हातातले टाकून ती अंगणात येई. गावात याचे कुणाला नवल नव्हते, कारण तसे शेड बऱ्याच घरांना होते. ‘धसका घेतलाय’ एवढे बोलून विषय संपे. कुणी अंगारा आणून दिला, एका खासगी दवाखान्यातून झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या किती वर्षे चालल्या याचा हिशेब आज आमच्यापैकी कुणाकडेच नाही.

या धसक्याला वैद्यकशास्त्रात 1980 पासून स्वतंत्र नाव आहे. पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार. घडलेला प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा समोर उभा राहणे, त्याची आठवण करून देणारी जागा, आवाज वा माणसे टाळणे, सतत सावध राहून बारीकशा आवाजालाही दचकणे आणि मन विटून जाणे, ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या व्यवहारात अडथळा आणू लागली, तर ती उपचाराची बाब ठरते. संकटातून गेलेल्या प्रत्येकाला हा विकार जडत नाही. बहुतेक जण घरच्यांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात. म्हणूनच आपत्तीनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून ‘काय घडले ते सांगा’ असा आग्रह धरणे योग्य नाही. (वाहिन्यांच्या प्रतिनिधींनीही हे ध्यानात घ्यावे, ही विनंती.) झोपेच्या गोळ्यांबाबत बोलायचे, तर आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातील त्रासासाठी बेंझोडायझेपिन गटातील (झोप आणणारी, मन शांत करणारी) औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच सांगितले आहे, आपल्याकडे मात्र अजून तिथूनच सुरुवात होते.

चुलतीला खरा उपचार मिळाला तो तीस वर्षांनी, तोही नातसुनेच्या हट्टामुळे. शासकीय रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ बाईंनी पहिले काही आठवडे भूकंपाचा विषयच काढला नाही. छाती धडधडू लागली की पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावे घ्यायची, आज कोणता वार आहे ते मोठ्याने म्हणायचे, एवढेच शिकवले. त्यानंतर भीतीची उतरंड लावली: दिवसा दार उघडे ठेवून स्लॅबखाली दहा मिनिटे बसायचे, मग अर्धा तास, मग दार लोटून. ज्याला भ्यालो ते टाळत राहिले की भीती पोसली जाते, हे त्यांनी तिला तिच्याच भाषेत पटवून दिले. मुलीचे नाव ती त्यानंतर कधीतरी बोलली. मार्च 2024 मध्ये हिंगोलीकडे 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, दिवसभर टीव्हीवर तेच चालले आणि कित्येक महिन्यांची कमाई एका दिवसात गेली. मात्र पुढची तारीख तिच्या केसपेपरवर आधीच लिहिलेली होती, ती त्या दिवशी गेली आणि काम पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू झाले. आता ती दुपारी स्लॅबखाली डोळा लावते. गेल्या वर्षी एका लग्नाला मंगल कार्यालयात दाराजवळच्या खुर्चीवर का होईना, पंगत उठेपर्यंत बसली. रात्री अजून शेडमध्येच झोपते.

माझे म्हणणे या ‘पुढच्या तारखे’पुरतेच आहे. आपत्तीनंतर समुपदेशनाचे एखादे शिबिर होते, फोटो निघतो आणि पथक निघून जाते. त्याऐवजी बाधित गावांत आशाताईंच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा, महिन्याने, तीन महिन्यांनी आणि वर्षाने तेच चार-पाच प्रश्न विचारावेत आणि गरज असेल त्यांना ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी, शक्यतो त्याच समुपदेशकाकडे पाठवावे. एस. टी. चा प्रवास बायकांना अर्ध्या तिकिटात झाला तरी सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो, त्यामुळे दर वेळी लातूर वा धाराशिव गाठा, असे सांगणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 नुसार अशी सेवा घराजवळ मिळावी, त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, हा नागरिकाचा हक्क आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी पदे ठरवून दिलेली आहेत. मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत त्यांपैकी किती पदे आज भरलेली आहेत, हे आपल्या वार्ताहरांनी एकदा विचारून छापावे.

तोवर एक छोटे काम आपल्याच हातात आहे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास, विनामूल्य सुरू असून तिथे मराठीतून बोलता येते. मदतवाटपाच्या प्रत्येक बातमीखाली तो ठळक चौकटीत द्यावा. आमच्याकडे वर्तमानपत्रातील कामाची चौकट कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवण्याची पद्धत अजून आहे.

आपला नम्र,
एक वाचक,
ता. लोहारा, जि. धाराशिव