म्हैस विकू नका

उद्यमबाग, बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांनी दोन वाक्यांत विषय संपवला, म्हणून लिहितोय. आई, तू मोठ्याने वाच. बाबा मधेच उठून गोठ्याकडे निघाले तर त्यांना बसवून ठेव.

फाउंड्रीतली रात्रपाळी बंद झाली आणि आम्हा सगळ्यांचं काम गेलं, त्याला दोन महिने होत आले. तुमच्यापासून लपवलं, हे माझं चुकलं. शेजारच्यांकडून कळायला नको होतं.

बाबा, तुम्ही म्हणालात, "बेकारीच्या भत्त्यासाठी कुणाच्या दारात उभा राहू नको." पण हे दान नाही. माझ्या १८,००० पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का, म्हणजे १३५ रुपये, ईएसआयला, म्हणजे सरकारी कामगार विम्याला, कापले जायचे. कंपनी वर ५८५ भरायची. आई, तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच कार्डावर झालं. ते जसं हक्काचं होतं, तसंच हेही आहे.

या भत्त्याच्या योजनेला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणतात. विम्यात दोन वर्षं झालेली हवीत, काम जाण्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढीच. माझं सगळं बसतं. काम सुटल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येतो. रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, थेट खात्यात. मला दिवसाला तीनशेच्या आसपास बसतील. आयुष्यात एकदाच मिळतं हे, म्हणून सोडायचं नाही.

अडलं ते एका अक्षरावर. कंपनीत नाव चढवताना कारकुनाने माझ्या नावातल्या 'त'ला कानडी पद्धतीने इंग्रजीत 'टीएच' लावलं. आधारवर नुसतं 'टी' आहे. आपल्याकडे घरोघरी हेच, रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. तेवढ्यावरून अर्ज परत आला. शिवाय कंपनीने कामाचा शेवटचा दिवस भरलाच नव्हता. कागदोपत्री मी अजून कामावरच! चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला पगाराच्या पावत्या काउंटरवर तारखेने मांडल्या, तेव्हा कंपनीने पत्र दिलं. बाहेर एकजण प्रतिज्ञापत्राचे पाचशे मागत होता. ती अट २०२० सालीच निघाली आहे, म्हणून दिले नाहीत. परवा नाव दुरुस्त झालं. आधार आणि पासबुकाची झेरॉक्स जोडून अर्ज पुन्हा भरलाय.

बाबा, खानापूरचा कौलांचा कारखाना बंद पडला, तेव्हा तुम्ही रिकाम्या डब्यासकट घरी आलात आणि तो डबा कितीतरी दिवस खुंटीवर तसाच होता. मी पाचवीत होतो. तुमचं काय येणं निघत होतं, ते विचारायला तुम्ही परत गेला नाहीत. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून त्याबद्दल कधी बोललो नाही. पण तो डबा माझ्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून मी चार खेपा घातल्या.

मच्छेला एका वर्कशॉपमध्ये बोलावलंय, बुधवारी जाऊन येतो. खोलीचं भाडं या महिन्याचं दिलंय. जेवणाचे हाल नाहीत, आई.

म्हशीचा व्यापारी शनिवारी येणार असं कळलं. त्याला नाही म्हणून सांगा. दूध डेअरीला जातंय तोवर तुमचा औषधांचा खर्च निघतो. मी रविवारी सकाळच्या बसने येतोय, पासबुक घेऊन येतो. बाबांनी स्वतः बघावं.

तुमचा,
बाळू