आमच्या भांडणाबद्दल

खारघर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा तुमच्यासमोरच आमचं वाजलं. तेव्हापासून आई रोज फोनवर विचारतेय, "तुमचं पटतंय ना गं?" फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

पटतंय. निखिलने मला न विचारता भावाला पैसे दिले, मी जाब विचारला, तो गप्प झाला. तो गप्प झाला की माझा आवाज चढतो, माझा आवाज चढला की तो आणखी मिटतो. तुम्ही तेवढंच पाहिलंत. तान्ह्या मुलाला आईची जी ओढ असते तिचा सिद्धांत मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडला. मोठ्यांच्या प्रेमातही तीच ओढ असते, हे १९८७ मध्ये हॅझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं. आपलं माणूस दुरावतंय असं वाटलं की कुणी मागे लागतं, कुणी दार लावून घेतं. बहुतेकदा घाबरलेले दोघंही असतात. हे वाचलं आणि त्याच्या गप्प बसण्याचा माझा अर्धा राग उतरला.

मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना समोर बसवून त्यांचं भांडण प्रत्यक्ष अभ्यासलं. नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरच्याचं डोक्यात शिरत नाही, आणि शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात. म्हणून निखिल "अर्धा तास दे" म्हणून गच्चीवर जातो. मग आपणहून खाली येतो, समोर बसतो आणि "हं, पैशांचं बोल" म्हणतो. त्याचं हे परत येणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

त्या रात्री तुम्ही झोपल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसून ठरवलं, दहा हजारांवरची रक्कम एकमेकांना सांगितल्याशिवाय द्यायची नाही. भावाला मदत करावी की नाही, यावर मात्र एकमत झालं नाही. गॉटमन म्हणतात, जोडप्यांचे ६९ टक्के वाद असे कायमचेच असतात. घाबरायचं ते एकमेकांना तुच्छ लेखण्याला, आणि तसं तो माझ्याशी कधीच बोललेला नाही.

बाबा, तुम्हीही चिडलात की कचराळी तलावाला चकरा मारायला जायचात. परत येऊन जेवायचात, पण तो विषय पुन्हा निघायचा नाही. आई तो निघण्याची वाट बघायची, मी पाहिलंय. अजूनही बोलता येईल, असं मला मनापासून वाटतं.

आई, पुढच्या वेळी निखिल गच्चीवर गेला तर चहा घेऊन मागे जाऊ नकोस. सासूबाईंना फोनही नको. रविवारी या, ठाण्याहून पनवेल लोकल थेट आहे.

तुमची,
मीनल