जिल्हा कौशल्य समितीला कायद्याचा आधार द्या

प्रति,
मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

आमच्या तालुक्यातला एक मुलगा एका कौशल्य प्रशिक्षण केंद्रातून वायरमनचे काम शिकला. त्याला चाकणच्या कंपनीचे नेमणूकपत्र मिळाले आणि केंद्राच्या नोंदीत ‘रोजगार मिळाला’ असे लागले. चाकणला खोलीभाडे आणि मेसचे पैसे दिल्यावर घरी पाठवायला काही उरेना, तेव्हा दिवाळीला आला तो परत गेलाच नाही. आज तो दुसऱ्याच्या रानात रोजाने जातो. नोंद मात्र तशीच आहे, कारण नेमणूकपत्र फाइलला लागल्यावर पुढची चौकशी कोणी केली नाही.

ही चौकशी करणे कोणाचे काम आहे? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा कौशल्य विकास कार्यकारी समिती आहे, पण ती शासन निर्णयावर चालते. त्याच जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा नियोजन समितीची बैठक होते आणि तिच्यामागे 1998 चा स्वतंत्र कायदा आहे. शासन निर्णय दुसरा शासन निर्णय काढून बदलता येतो. कायदा बदलायचा तर विधिमंडळात उभे राहून कारण सांगावे लागते. कौशल्य समितीलाही असा कायदा हवा, ही माझी मागणी एवढ्याचसाठी आहे.

हे महाराष्ट्राला नवीन नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळांवर कामगार, मालक आणि सरकार यांना एकत्र बसवले. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने तर काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळाले नाही तर बेकारभत्त्याचा हक्क दिला. खडी फोडणाऱ्या मजुराला जो हक्क आपण तेव्हा दिला, तसा आयटीआयच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला अजून नाही.

अमेरिकेतल्या 2014 च्या रोजगार-प्रशिक्षण कायद्यात स्थानिक मनुष्यबळ मंडळांवर निम्म्याहून जास्त सदस्य उद्योगांचे असतात, कामगार संघटनांनाही जागा असते. प्रशिक्षण संपल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत माणूस कामावर आहे का आणि दुसऱ्या तिमाहीत त्याची कमाई किती, यावरून कामगिरी मोजतात. हे मोजमाप आपण जरूर घ्यावे. मंडळावरचे उद्योगांचे बहुमत मात्र आपल्याकडे नको. औद्योगिक वसाहतीतल्या मालकांइतकेच वजन कामगारांना, बचत गटांतल्या बायकांना आणि शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींना हवे.

जिल्हा कौशल्य समितीने दरवर्षी केंद्रनिहाय आकडे जाहीर करावेत: किती जण शिकले, सहा महिन्यांनी आणि वर्षाने किती कामावर आहेत, हातात पगार किती पडतो. ते मराठीत असावेत आणि पंचायत समितीच्या फलकावर लागावेत. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या सरकारी पैशाचा शेवटचा हप्ता या पडताळणीनंतरच सुटावा. शिकलेल्याने तक्रार केली तर ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे आणि ते देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद कायद्यातच लिहिलेले असावे.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात या विधेयकाचा मसुदा मांडावा आणि त्याआधी तो हरकती-सूचनांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत खुला करावा, ही विनंती.

आपला,
एक पालक