आईच्या नावापुढं मी गृहिणी लिहिलं होतं

बेळगाव, रविवार रात्र

ती. आई आणि बाबांना सा. न.

बाबा, हे पत्र दादाच्या फोनवर पाठवतेय, तुम्ही चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. फोनवर सांगायला म्हणून दोनदा बसले पण आई पहिल्यांदा जेवलीस का विचारते, मग म्हशीचं निघतं, मग पावसाचं, आणि मला बोलायचं ते घशातच राहतं.

जूनपासून आम्ही पाच जण कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दर शनिवारी निपाणीला जातोय हे तुम्हाला माहीत आहे. बायकांच्या आरोग्याचा सर्व्हे आहे एवढंच मी सांगितलं होतं. कुठल्या बायका ते सांगितलं नव्हतं. विड्या वळणाऱ्या बायका, आई. तुझ्यासारख्याच, मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याच्या उजेडाला बसणाऱ्या.

पहिल्या शनिवारी सकाळच्या बसनं गेलो. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, म्हणून आम्हा तिघी मुलींना आधार कार्ड दाखवून शून्य रुपयाचं तिकीट, बरोबरच्या दोन मुलांनी पैसे भरले. हातात बेचाळीस प्रश्नांचे छापील कागद होते, मूळ कन्नडमधले, मराठी मी केलेलं. गल्लीत शिरल्या शिरल्या बायकांना वाटलं आम्ही सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेवालेच, एक जण आतनं रेशन कार्ड घेऊन धावत आली की तीन महिने पैसे जमा झाले नाहीत बघ म्हणून. तिला समजावण्यात अर्धा तास गेला, आणि आम्ही सरकारी नाही कळल्यावर तिचा पडलेला चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. मग मी प्रश्न वाचायला लागले. आपणास मानेच्या व पाठीच्या वेदना होतात काय, कधीकधी, नेहमी, कधीच नाही. कोपऱ्यातली एक म्हातारी मावशी हात न थांबवता म्हणाली, "मान दुखती का म्हणून काय इचारतीस बाई, कुणाची दुखत न्हाई? रात्री कुशीवर वळताना आधार लागतो का ते इचार. पीठ मळताना अंगठा वळतोय का ते इचार." सगळ्या बायका तिच्याकडं बघून मान हलवायला लागल्या आणि मला खाली मान घालून कागदाच्या मागं ते दोन प्रश्न लिहून घ्यावे लागले, कारण खरंच होतं ते, आणि आई तुझा अंगठा मी रोज बघत आलेय तरी मला तो प्रश्न सुचला नव्हता.

परतल्यावर सरांना सांगितलं तर ते रागावले नाहीत. म्हणाले, ज्यांच्याबद्दल शोधायचंय त्यांनाच विचारा की काय शोधायचं, आणि शोधायलाही त्यांनाच बरोबर घ्या, मग तुम्ही कमी शिकवाल आणि जास्त शिकाल. वर्गात आम्ही याला सहभागी संशोधन म्हणून नोट्स घेतल्या होत्या, पाच मार्कांचा प्रश्न यायचा. ते करायला किती धीर लागतो हे नोट्समध्ये नसतं. पुढचे दोन शनिवार आम्ही कागद न नेता गेलो आणि नुसतं बसलो. मला गप्प बसता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तिथं शिकले.

तिसऱ्या शनिवारी एक गोष्ट झाली. एका मावशीचं आत दूध उतू चाललं होतं, तिनं मांडीवरचं सूप माझ्याकडं सरकवलं, धर जरा म्हणाली आणि आत पळाली. सुपात तेंदूची कापलेली पानं होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, तंबाखूचा ढीग, आणि दहा-बारा वळलेल्या विड्या ज्यांची तोंडं दुमडायची राहिली होती. मी काही विचार केला नाही. एक विडी उचलली आणि अंगठ्याच्या नखानं तोंड आत दुमडलं, मग दुसरी, मग तिसरी. आई, किती वर्षांनी केलं असेल मी ते. शाळेतनं आल्यावर दोन कट्टे तोंडं दुमडून दिली की मग खेळायला सोडायचीस, आणि मी पंचवीस पंचवीस मोजून ठेवायची, चाळीस कट्टे झाले की हजार. बोटांना सगळं आठवत होतं. तंबाखूची ती धूळ नाकात गेली आणि मला एकदम आपल्या घराचा सोपा दिसला, तुझा खोकला ऐकू आला. मावशी पदराला हात पुसत बाहेर आली, सुपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कुणाची गं तू?"

मी म्हटलं माझी आई पण विड्या वळायची.

बेळगावात येऊन तीन वर्षं होत आली आणि हे वाक्य मी पहिल्यांदा कुणासमोर तरी बोलले.

त्याच्यानंतर गल्लीतलं आमचं बसणंच बदललं. बायकांनीच ठरवलं की आजाराचं सगळ्यांना माहीत आहे, डॉक्टर पण सांगतोय, ज्याचा हिशोब कुणाकडं नाही ते मोजूया. म्हणजे छाट. तुला हे मी काय सांगू, पण बाबांना आणि दादाला कळावं म्हणून लिहिते. हजार विड्या दिल्या की ठेकेदाराचा माणूस त्यातल्या वाईट म्हणून काही बाजूला काढतो, त्याची मजुरी मिळत नाही, आणि त्या विड्या परत पण देत नाही. आणि पान. आठवड्याचं पान मिळतं त्यात हजाराचा आकडा भरत नाही, मग बाईनं पदरचं पान विकत आणायचं. आई, तू शेजारच्या काकूकडनं मूठभर पान उसनं आणायचीस, मला वाटायचं तुझ्याकडनं पान वाया जातं.

लिहिता येणाऱ्या बायका वहीत लिहायला लागल्या. न येणाऱ्यांसाठी त्या म्हाताऱ्या मावशीनंच मार्ग काढला, चिंचोके. छाट गेलेल्या प्रत्येक कट्ट्याला एक चिंचोका डब्यात टाकायचा, दुकानातनं विकत आणलेल्या पानाला एक खडा. शनिवारी आम्ही गेलो की डबे जमिनीवर रिकामे करायचे आणि सगळ्यांनी मिळून मोजायचं. तिच्या शेजारी कन्नड बोलणारी एक अज्जी बसते, ती वंदु एरडु म्हणून मोजते, ही एक दोन म्हणून मोजते, दोघींचा आकडा जुळला की मगच वहीत जातो. माझी जोडीदार गोकाकची आहे, घरी कन्नडच, हॉस्टेलला पहिल्या वर्षी आम्ही दोघी एका खोलीत असून नोव्हेंबरच्या एक तारखेला एकमेकींशी बोललो नव्हतो, तिच्या खांद्यावर कर्नाटक राज्योत्सवाची लाल-पिवळी शाल आणि माझ्या डोक्यात सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. आता ती माझ्याकडनं छाट, कट्टा, सूप शिकली आणि मी तिच्याकडनं अज्जीशी चार वाक्यं बोलण्याइतकं कन्नड. बाबा, तुम्ही सीमाप्रश्नाबद्दल जे मानता ते मी पण मानते, त्यात फरक नाही. पण त्या दोन म्हाताऱ्यांना मोजताना बघून माझा आवाज खाली आलाय.

मग एका आठवड्यात बायकांनी पान मिळाल्या मिळाल्या थेट किराणा दुकानात नेलं आणि काट्यावर ठेवलं. सगळ्यांच्या देखत. सांगितलेल्या वजनापेक्षा पान कमी भरलं. ओरड नाही, आरडाओरडा नाही, नुसत्या एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मी पटकन फोन काढला फोटो घ्यायला, माझ्या डोक्यात आलं होतं की हे टाकलं पाहिजे सगळीकडं. तर त्याच मावशीनं माझ्या हातावर हात ठेवला. "फोटू नको. उद्या पान बंद झालं तर तू देशील व्हय?" मी फोन पर्समध्ये टाकला. त्या रात्री झोप नाही आली मला. मी चांगलंच करायला निघाले होते ना, आणि माझ्या चांगल्यापायी त्या गल्लीतल्या चुली बंद पडल्या असत्या. माहिती माझी नव्हतीच. आता रिपोर्टमध्ये एकीचंही नाव नाही, गल्लीचं नाव नाही, काय छापायचं आणि काय नाही ते बायका वाचून ठरवतात, आणि दोन पानं त्यांनी काढायला लावली. सर म्हणाले काढा. काढली.

आता जे फोनवर घशात राहतं ते. बाबा, इथं थांबू नका.

1966 साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, 1976 साली कल्याण निधीचा, त्यातनं विडी कामगारांच्या मुलांना स्कॉलरशिप मिळायला लागली. हे मला अभ्यासातनं कळलं नाही, आईच्या विडी कामगार कार्डावर मला पाचवीपासून ती मिळत होती, त्यातनं माझा युनिफॉर्म आणि वह्या व्हायच्या. वर्गात सर नाव पुकारायचे, विडी स्कॉलरशिपवाले उभे राहा. आम्ही चौघं-पाच जण उभे राहायचो आणि मागच्या बाकावरची पोरं दोन बोटं ओठाला लावून धूर सोडल्यासारखं करायची. मी घरी कधी सांगितलं नाही. बेळगावला ॲडमिशन घेताना फॉर्मवर आईचा व्यवसाय असा रकाना होता, तिथं मी गृहिणी लिहिलं. आणि तुम्ही स्कॉलरशिपचं विचारलंत तेव्हा मी म्हणाले ती स्कीम बंद झाली.

बंद झाली नव्हती बाबा. ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, आईच्या कार्डाचा नंबर टाकायचा होता, कॉलेजच्या ऑफिसातनं सही आणायची होती. मला ती सही मागायची नव्हती. त्या जूनमध्ये हॉस्टेलच्या डिपॉझिटसाठी तुम्ही धाकटी म्हैस विकलीत. स्कॉलरशिपच्या पैशात सगळं भागलं नसतं हे खरं आहे, पण मी खोटं बोलले हे पण खरं आहे, आणि म्हैस टेम्पोत चढवताना आई गोठ्याच्या बाहेर आली नव्हती हे मी बघितलं होतं.

आई, तुला वाईट वाटेल. तू काही बोलणार नाहीस आणि तेच मला जास्त लागेल. मला माफ कर असं लिहून मोकळं व्हायचं नाहीये मला. गेल्या दिवाळीत तू सूप माळ्यावर टाकलंस, त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत माझ्या मेसचे पैसे तुझ्या विड्यांतनं येत होते आणि मी मैत्रिणींना सांगत होते की आई घरीच असते. घरीच असायचीस तू. दिवसाला हजार विड्या वळत घरीच असायचीस.

बाबा, आपल्या घरात तंबाखूची एक गोष्ट मी पाळण्यात असल्यापासून ऐकलीय. 1981 चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन, शेतकरी नेते शरद जोशी, निपाणीला हायवेवर बैलगाड्या, तिथंच वसलेलं आंदोलननगर, आज्जा गाडी घेऊन गेलेला आणि तुम्ही नववीतलं पोर भाकरीचं गठुळं घेऊन त्याच्या मागं. आणि मग 6 एप्रिलचा गोळीबार. तुम्ही ती सांगता तेव्हा अजून तुमचा आवाज भरून येतो आणि येणारच, तंबाखूच्या दरासाठी लढणारी माणसं तिथं मेली. ती गोष्ट मी हॉस्टेलला अभिमानानं सांगितलीय, दहादा सांगितलीय. पण तोच तंबाखू कुटून, चाळून आपल्या सोप्यात सुपावर यायचा त्याची गोष्ट घरात कुणी सांगितली नाही. तुम्ही नाही, मी नाही, आई तर नाहीच. तुम्हाला दोष देत नाहीये. पण आईला एकदा विचारा की ती हे कधी, कुणाकडनं शिकली. मी पण विचारणार आहे.

पुढच्या रविवारी गल्लीत सगळं वाचून दाखवायचंय. मारुतीच्या देवळासमोर, दुपारी तीनला, विड्या देऊन बायका मोकळ्या होतात तेव्हा. मराठीत मी वाचणार, कन्नडमध्ये गोकाकची. चुकलं तर बायका तिथंच थांबवणार आहेत, मागच्या वेळी सहा ठिकाणी थांबवलं. मावशी सारखी म्हणतेय तुझ्या आईला आण, तिचा हात बघायचाय. दोघं या. दुपारची दीडची बस धरा, स्टँडवर मी थांबते. आई, आधार कार्ड घे, नाहीतर उगाच तिकिटाला पैसे जातील.

अजून एक. रिपोर्टच्या सुरुवातीला आम्ही प्रत्येकानं आपण कोण ते चार ओळीत लिहायचंय. मला तिथं लिहायचंय की माझी आई विडी कामगार होती. तुला चालेल का? नको म्हणालीस तर नाही लिहिणार, खरंच. आणि हो म्हणालीस तर किती वर्षं ते पण लिहायचंय, आणि ते मला माहीतच नाही आई. लग्नाआधीपासून की दादा झाल्यावर? तू बाबांना सांग, ते दादाकडनं मला लिहून पाठवतील. मी ती जागा मोकळी ठेवलीय.

म्हशीला गुळाचा खडा द्या माझ्याकडनं.

तुमची,
धाकटी