नेल टेक्निशियनचं प्रशिक्षण सोमवारी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कर्वेनगरमध्ये नखांचं काम करते. आधी मेंदी काढायचे, मग एका पार्लरमध्ये होते, आणि २०१७ पासून फक्त नखं: जेल पॉलिश, एक्सटेन्शन (नख लांब करणं), रिफिल (नख वाढल्यावर मागे राहिलेली रिकामी जागा जेलने भरणं), रिमूव्हल (जुनं जेल काढणं). सोसायटीच्या तळमजल्यावर भाड्याचा छोटा गाळा आहे आणि हाताखाली दोन मुली आहेत. आपल्या दैनिकात रस्ते, पाणी, कचरा यांवर पत्रं येतात आणि ती यायलाच हवीत. आमच्या कामाबद्दल मात्र कुणी लिहिलेलं मी अजून वाचलं नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. ई-फाइल, म्हणजे नखं घासायचं मशिन, आणि रिफिलचं दोन दिवसांचं वर्कशॉप, शनिवार ९ मे आणि रविवार १० मे, सकाळी दहा ते पाच, येताना मॉडेल सोबत आणावी. विषय आम्हाला हवा तोच आहे. शिकवणाऱ्या बाईंचा हातही चांगला आहे, मी त्यांचं काम पाहिलं आहे. पण तारीख पाहिली आणि फोन खाली ठेवला. यंदा १७ मेपासून अधिक महिना लागतोय. त्याआधी लग्नं उरकून घ्यायची घाई घराघरांत चालू आहे. त्या शनिवारी माझ्याकडे दोन नवऱ्या आहेत. मेंदी लागायच्या आधी नखं व्हावी लागतात, कारण नंतर हात पाण्यात आणि अ‍ॅसिटोनमध्ये घातले की मेंदीचा रंग उतरतो. म्हणजे ही वेळ मागेपुढे करता येत नाही. उरलेले तास वऱ्हाडातल्या बायका आणि हिंजवडी-बाणेरच्या नोकरदार मुली भरून टाकतात. शनिवारी नखं कापू नयेत असं आमची आजी सांगायची, पण आज आमच्या धंद्याचा सगळ्यात मोठा वार शनिवारच आहे. आठवड्याची निम्मी कमाई शनिवार-रविवारची असते. फी भरायची ती भरायचीच, वर ही कमाई सोडायची, असं दुहेरी नुकसान सोसून कुणी शिकायला यावं?

आयोजकांचा दोष काढायला हे पत्र लिहीत नाही. ट्रेनर मुंबईहून किंवा दिल्लीहून येतात, हॉल मिळेल तेव्हा घ्यावा लागतो, हे मला समजतं. पण तारीख कशी ठरवावी याचा विचार कामाच्या बाजूने कुणी केलेला दिसत नाही, आणि त्याचे परिणाम लोकांच्या बोटांवर होतात. माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते कळेल.

२०२३ मध्ये मी अशाच एका दोन दिवसांच्या वर्कशॉपला साडेसात हजार रुपये भरले होते. तारीख दिवाळीच्या आधीची होती. ती पुढे ढकलली आणि तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर, डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारवर आणून ठेवली. आम्हाला कळवलं चार दिवस आधी. पैसे परत मिळणार नव्हते. शनिवारची गिऱ्हाइकं मी हातापाया पडून सरकवली, रविवारची नवरी सरकवता येईना. म्हणून पहिला दिवस बसले आणि दुसरा बुडवला. पहिल्या दिवशी प्रेप (जेल लावण्याआधीची नखाची तयारी), टिप आणि जेल शिकवलं. मशिन दुसऱ्या दिवशी होतं. प्रमाणपत्र मात्र दोन्ही दिवसांचं कुरिअरने घरी आलं. मी ते फ्रेम करून गाळ्यात लावलं, हे लिहिताना आज वाईट वाटतं.

पुढच्याच महिन्यात एका कॉलेजात शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांचं जुनं जेल मी मशिनने काढत होते. अनामिकेवर तिसऱ्यांदा बिट, म्हणजे मशिनचं फिरणारं टोक, फिरली आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला, म्हणाल्या, "अगं, गरम लागतंय." मी फुंकर घातली आणि काम पुरं केलं. बिट नखाला सपाट टेकवायची सोडून मी ती कलती धरली होती. अशा वेळी बिटची कड क्युटिकलजवळ, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीजवळ, नखात चर पाडते, तिथे नख पातळ होतं आणि खालची लाली दिसायला लागते. आमच्यात याला रिंग ऑफ फायर म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला. क्युटिकलला लागून कोयरीच्या कडेसारखी बारीक लाल रेघ होती.

त्या बाई भल्या. ओरडल्या नाहीत. मी त्यांना दर तीन आठवड्यांनी बोलावलं, पैसे न घेता तेल लावून दिलं आणि दर वेळी ती रेघ मोजली. पहिल्या खेपेला ती क्युटिकलपासून दोन मिलिमीटर पुढे आली होती. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. तिसऱ्या खेपेला रेघ नखाच्या मध्यावर होती. ती टोकाला पोचून कापली गेली तेव्हा पाच महिने उलटले होते. त्या पाच महिन्यांत नख कसं वाढतं हे मी जितकं पाहिलं, तितकं आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. सलग दोन दिवसांत रिफिल शिकवता येत नाही. आज लावलेलं जेल उद्या तिथंच असतं, त्यामुळे वर्कशॉपमध्ये आदल्या दिवशीच्याच जेलची मागची कड घासतात आणि सांगतात, "इथे वाढ झाली आहे असं समजा." समजून कसं चालेल? खरी वाढ झाली की मागे रिकामं नख दिसतं, जेलचा उंचवटा, म्हणजे एपेक्स, पुढे सरकलेला असतो, आणि तो मागे आणून बसवला नाही तर पुढचं वजन न पेलून नख मधेच तडकतं. शिवाय तीन आठवड्यांनीच कळतं की आपण प्रेप कुठे चुकलो. जेल क्युटिकलपाशी सुटलं असेल तर कातडीचा पातळ पापुद्रा नखावर राहिला होता किंवा जेल कातडीवर ओघळलं होतं. एका बाजूने सुटलं असेल तर त्या बाजूला फाइल पोचलीच नव्हती. हा धडा ट्रेनर कितीही चांगला असला तरी दुसऱ्या दिवशी देऊ शकत नाही, कारण तो तेव्हा नखावर उमटलेलाच नसतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की सलग दोन दिवस न घेता एक दिवस आज आणि दुसरा तीन आठवड्यांनी, त्याच मॉडेलच्या त्याच हातावर घ्यावा. आणि दोन्ही दिवस सोमवार असावेत.

सोमवार का, तर पुण्यातली बरीच सलून आणि पार्लरं सोमवारी बंद असतात. माझा गाळाही सोमवारी बंदच असतो. यात एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवणार नाही. तो एकच वार मुलींच्याही सुट्टीचा असतो. माझ्याकडची एक मुलगी धायरीहून दोन बस बदलून येते. सोमवारी तिचं धुणं असतं, आईला दवाखान्यात न्यायचं असतं. तिचा सोमवार आपण घेतला तर तो कामाचा दिवस धरून पगार द्यायला हवा आणि मंगळवारी सुट्टी द्यायला हवी. मी हे दोनदा केलं आहे. मंगळवारी मी एकटी हात चालवते, दोन-तीन अपॉइंटमेंट कमी घेते, एवढंच. इतर पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींना माझी कळकळीची विनंती आहे की शिकायला पाठवलेल्या दिवसाचे पैसे कापू नका. ती जे शिकून येते ते तुमच्याच गिऱ्हाइकाच्या बोटांवर वापरणार आहे.

आता महिन्यांविषयी. आमचा धंदा पंचांगावर चालतो. तुळशीचं लग्न लागलं की काम वाढतं, ते मधले थोडे दिवस सोडले तर पार मे महिन्यापर्यंत. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी पुन्हा उसंत नसते. मोकळे दिवस म्हणजे आषाढ आणि पितृपंधरवडा. पंधरवड्यात कित्येक घरांत नखं-केस कापतच नाहीत, त्यामुळे आमचे टेबल रिकामे असतात. यंदा तो २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर आहे. तीन आठवड्यांचं अंतर त्यात बसणार नाही, पण स्वच्छता, रसायनं, जेल सुकवायचे लॅम्प यांसारखे एका दिवसाचे विषय त्यात सहज बसतील. आणि यंदा तर अधिक महिनाच मिळाला आहे, १७ मे ते १५ जून. लग्नं थांबलेली, शाळांना सुट्टी, माझी पाचवीतली लेक आजोळी गेलेली, कॉलेजच्या मुली मॉडेल म्हणून हौसेने बसायला तयार. १८ मेला सोमवार आहे आणि ८ जूनलाही सोमवार आहे. मध्ये बरोबर तीन आठवडे. आयोजकांनी आठ-नऊ दिवस थांबायचं ठरवलं तर सगळंच जुळून येतं.

शहराचंही भान ठेवावं. दोन वर्षांपूर्वी एक वर्कशॉप ज्या रविवारी पालख्या पुण्यात येतात त्याच रविवारी फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. रस्ते बंद, बस वळवलेल्या. ट्रेनर अडीच तास उशिरा पोचल्या आणि शेवटचा भाग घाईघाईत उरकला. पालखीची तारीख सगळ्या पुण्याला महिनोन्महिने आधी ठाऊक असते. मुंबईच्या वर्कशॉपचंही तसंच आहे. साडेनऊला सुरू म्हणतात. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली तरी सीएसएमटीला उतरायला साडेदहा होतात. म्हणजे आदल्या रात्री जाऊन राहायचं. लेकरू घरी ठेवून रात्री मुक्कामाला जाणं आमच्यातल्या कितीजणींना जमतं? अकराला सुरू करा, सहाला सोडा, पुण्याच्या दहाजणी जास्त येतील.

तारीख किमान दीड महिना आधी सांगावी आणि मग बदलू नये. नवरीचं बुकिंग आम्ही तेवढंच आधी घेतो. चार दिवसांवर तारीख बदलली तर एका बाजूला आयोजक आणि दुसऱ्या बाजूला नवरीची आई, यांत आम्ही शब्द कुणाचा पाळायचा?

कुणी म्हणेल, एवढं शिकायचं काय आहे, रंगच तर लावायचा आहे. बाटलीतलं जेल लॅम्पखाली पूर्ण सुकलं नाही आणि पुन्हापुन्हा कातडीला लागत राहिलं तर जेलमधल्या अ‍ॅक्रिलेट नावाच्या रसायनांची अ‍ॅलर्जी होऊ शकते. ती एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. दात भरायच्या मसाल्यात आणि हाडांच्या ऑपरेशनच्या सिमेंटमध्येही याच कुळातली रसायनं असतात, म्हणून ही नुसती नखांपुरती गोष्ट राहत नाही. माझ्याकडे पूर्वी असलेल्या एका मुलीच्या बोटांची टोकं खाजायला लागली, सोलवटली, पोळी लाटताना रडायची. त्वचेच्या डॉक्टरांनी हे काम सोडायला सांगितलं. चार वर्षांचा हात बसलेली मुलगी आज कपड्यांच्या दुकानात उभी असते. एका कंपनीचं जेल आणि दुसऱ्याच कंपनीचा लॅम्प वापरला तर वरून सुकलेलं दिसतं आणि आत कच्चं राहतं, हे तिला कुणी वेळेवर शिकवलं नाही. मीही नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

नियमही बदलत आहेत. युरोपीय संघाने हेमा हे याच कुळातलं रसायन असलेली नखांची उत्पादनं २०२१ पासून फक्त व्यावसायिकांच्या वापरापुरती ठेवली, आणि जेल सुकवणारं टीपीओ १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी केली. आता गिऱ्हाइकं फोनवर बातमी दाखवून विचारतात, "ताई, तुमच्या बाटलीत हे आहे का?" रविवार पेठेतून होलसेलमध्ये आणलेल्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून उत्तर देता आलं पाहिजे. त्यासाठी वर्ग हवेत, आणि वर्गाला जाता येईल असे दिवस हवेत.

आपल्यालाही एक विनंती आहे. शहरातल्या कार्यक्रमांच्या सदरात व्याख्यानं, गाण्याच्या मैफली आणि आरोग्य शिबिरांच्या तारखा येतात. त्यातच अशा कारागिरांच्या प्रशिक्षणाच्या तारखा महिना-दीड महिना आधी छापल्या तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये नसलेल्या बायकांनाही कळतील. धायरी, आंबेगाव, मांजरी इथे घरातल्या घरात काम करणाऱ्या कितीतरी जणी आहेत, त्यांना कुणी ग्रुपमध्ये घेत नाही.

हॉलचा प्रश्न असेल तर माझा गाळा सोमवारी रिकामा आहे. आठजणी आणि आठ मॉडेल बसतील, तीन लॅम्प आहेत, धूळ ओढणारी दोन यंत्रं आहेत, भाडं घेणार नाही. ९ मेच्या वर्कशॉपचे पैसे मी अजून भरलेले नाहीत. १८ मे आणि ८ जून ठरलं, तर माझे आणि दोन्ही मुलींचे, तिघींचे पैसे त्याच दिवशी भरीन.

कळावे,
आपली नम्र,
एक नेल टेक्निशियन, कर्वेनगर, पुणे