डंप उचलण्याआधी पायथा बांधा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गोव्यातील खनिज डंप, म्हणजे खाणींतून काढून रचलेल्या टाकाऊ मालाचे ढीग, हाताळण्याचा विषय निघाला की त्यांत किती माल आहे आणि सरकारी तिजोरीत किती भर पडेल, एवढ्यावरच चर्चा घुटमळते. लोहखनिजापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती आणि कातळ काढावाच लागतो. आमच्याकडे एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन असा टाकाऊ माल निघत आला आणि तोच डिचोली, सत्तरी, सांगे भागांत टेकड्यांसारखा उभा आहे. ‘टाकाऊ’ हा शब्द मात्र बाजारभावाबरोबर बदलतो. एकेकाळी ५५ टक्क्यांहून कमी लोह असलेले हेमेटाइट (लोहखनिजाचा एक प्रकार) बाजूला टाकले जाई. पुढे ही मर्यादा ४५ टक्क्यांवर आली, चीनने हलक्या प्रतीचे खनिज घ्यायला सुरुवात केली आणि जुन्या डंपांना गिऱ्हाईक मिळाले.

डंप उचलण्याला माझा विरोध नाही. परंतु अनेक डंपांवर लावलेल्या काजूच्या आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या मुळांनी ही भुसभुशीत माती कशीबशी धरून ठेवली आहे. ते आवरण एकदा उकरले की पावसाळ्यात सारा गाळ ओहोळांतून खालच्या शेतांत उतरतो. शेतात शिरलेली खाणमाती उपसण्यात हंगाम कसा जातो, हे डिचोली-सत्तरीतील शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

खनिज धुतल्यावर तळ्यांत सोडलेला बारीक गाळ तर याहून बेभरवशाचा, कारण तो वर्षानुवर्षे पाणी धरून राहतो. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखाणीच्या अशाच गाळाचा बांध फुटून २७० जणांचा बळी गेला, आणि तो बांध तेव्हा वापरातही नव्हता. आपली तळी त्यामानाने लहान आहेत. तरीही काम थांबले म्हणजे धोका टळला, असे धरून चालता येत नाही.

म्हणून परवाना देण्यापूर्वीच पायथ्याला चिऱ्यांची भिंत, भोवती चर आणि गाळ बसण्यासाठी खड्डे तयार असावेत आणि जून ते सप्टेंबर डंपाला हात लावू नये. खाणपट्ट्याबाहेर, म्हणजे खाणीसाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या जागेबाहेर, माल टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात बजावले आहे. मग चाळून उरलेली माती कुठे टाकणार, हेही आधी लेखी घ्यावे. तिने खाणींचे जुने खंदक बुजवणे सोपे वाटते. पण ज्या खंदकांतील पाण्यावर गावाची शेती अवलंबून आहे, त्यांच्याबाबत ग्रामसभेला विचारल्याशिवाय निर्णय होऊ नये.

आपला,
एक वाचक, डिचोली